उर्फ

लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात त्यांना बाळ म्हणत. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, वकिलीची परीक्षा झाली, ‘केसरी’ निघाला, तरी बाळ काही सुटला नाही. १८९७ साली राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा एका बाजूला हिंदुस्थानची सम्राज्ञी होती आणि दुसऱ्या बाजूला बाळ गंगाधर टिळक. घरातल्या माणसांनी लाडाने मारलेली हाक थेट हायकोर्टाच्या कागदावर चढली. आणि नावाआधीचं ‘लोकमान्य’ हेही लोकांनीच दिलेलं. ज्या दोन शब्दांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो, त्यातला एकही बारशाचा नाही.

मला टोपणनावांची ओढ पहिल्यापासून आहे. त्यासाठी मी एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: टोपणनाव, ते कुणाचं किंवा कुठलं, आणि ते कुणी ठेवलं. पहिले दोन रकाने पटापट भरतात. तिसऱ्याशी मात्र अडायला होतं, कारण टोपणनाव बहुतेक वेळा कुणा एकाचं काम नसतंच. पारावर कुणीतरी एकदा म्हणून जातं, दुसरा हसून तेच म्हणतो, आणि आठवड्याभरात ते सगळ्या गावाचं होतं. तरीही माझा जीव त्या तिसऱ्याच रकान्यात अडकलेला असतो. बारशाच्या नावावरून आईबापांना काय हवं होतं ते कळतं. टोपणनावावरून कळतं की चारचौघांचं लक्ष नेमकं कशावर गेलं.

टोपणनाव लागतंच कशाला, याचं एक कारण आपल्या जुन्या घरांतच दडलेलं आहे आणि ते आता विसरायला लागलंय. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती. आजोबा दत्तात्रय, तर नातूही दत्तात्रय. पण सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हाही त्याच घराचा नियम. मग त्या सुनेने पोटच्या पोराला हाक मारायची कशी? भर दुपारी पोरगं विहिरीच्या काठावर पोचलंय आणि आईला ‘दत्तू’ म्हणून ओरडता येत नाही! म्हणून ती त्याला बाबू म्हणायची, नाना म्हणायची, आप्पा म्हणायची. दुपट्यातल्या मुलाला ‘अण्णा’ किंवा ‘तात्या’ का म्हणत असतील याचं मला लहानपणी नवल वाटे. त्यामागे किती तरी घरांत एका बाईची ही अडचण होती. तिला नवऱ्याचंही नाव घ्यायची सोय नव्हती, ते फक्त उखाण्यात, यमक जुळवून आणि लाजून. एरवी ‘अहो’, ‘आमचे हे’, नाहीतर ‘बंड्याचे बाबा’. घरातल्या निम्म्या पुरुषांची नावं जिला उच्चारायची नव्हती, तिनेच त्या घराला दुसरी नावं पुरवली. माझ्या वहीतल्या तिसऱ्या रकान्यात ‘आई’ हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आलेला आहे.

त्यात आमच्यासारख्या गावांत एका आडनावाची अख्खी आळी. नाव तेच, आडनाव तेच, कधी कधी बापाचं नावही तेच. मग धंदा मदतीला येतो: टेलर, मास्तर, पैलवान, मिलिटरी. ‘मिलिटरी’ म्हणजे पूर्वी फौजेत होता तो माणूस. तो निवृत्त होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी मिलिटरीच, आणि त्याच्या मुलाचा पत्ता सांगताना ‘मिलिटरीचा धाकटा’. घर कुठं आहे यावरूनही नाव पडतं: मळ्यातले, वाड्यातले, चिंचेखालचे. चिंच तोडून तिथं दुकानाचे गाळे निघाले तरी चिंचेखालचे लोक चिंचेखालीच राहतात.

कागदावर मात्र या नावांचा छळ होतो. माझ्या एका चुलत्यांचं नाव सातबाऱ्यावर ‘बापू’ म्हणून लागलेलं होतं, कारण त्यांच्या वडिलांनी नोंदीच्या वेळी तेच सांगितलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव. आधार कार्डावर त्या दाखल्यावरचंच, पण ऱ्हस्वदीर्घ बदलून. वारसनोंद करायची वेळ आली तेव्हा स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते मी वाचलं आहे: “वर नमूद केलेली तिन्ही नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत, हे मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देत आहे.” त्या कागदावर नावांच्या मध्ये दोन वेळा ‘उर्फ’ होतं. घरातलं नाव सरकारदरबारी जातं ते या चिंचोळ्या दारातून. चुलत्यांनी सही केली, तीही ‘बापू’ अशीच. टायपिस्टने ती परत करायला लावली.

आडनावांकडे पाहिलं तर त्यातलीही बरीचशी कुणा पूर्वजाची टोपणनावंच वाटतात, जी पुढे दप्तरात पक्की झाली. काळे, गोरे, बोबडे, टकले, गोडबोले. कधीतरी एक माणूस खरंच बोबडं बोलत असणार, आणि त्याची पुढची पिढी अस्खलित बोलूनही बोबडेच राहिली. सगळी आडनावं अशी नाहीत. गावांवरून आलेली ‘कर’वाली आहेत, हुद्द्यांवरून आलेले कुलकर्णी, देशमुख, पाटील आहेत. नाना फडणवीसांचं तर नाव आणि आडनाव दोन्ही लोकांच्या तोंडची. मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यातला ‘नाना’ घरगुती आणि ‘फडणवीस’ म्हणजे त्यांचा हुद्दा.

पेशवाईत टोपणनावं पाडणारी माणसं फार बारकाईने बघत. ‘साडेतीन शहाणे’ हे त्याचं उदाहरण. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. राज्याचा सगळा कारभार ज्याच्या बोटांवर चालला त्याला अर्ध्यात बसवलं, कारण नाना मुत्सद्दी होते, पण तलवार गाजवणारे नव्हते. अडीच शब्दांत एका माणसाचं एवढं तोललेलं मूल्यमापन मी इतिहासाच्या जाड ग्रंथांतही क्वचित वाचलंय. रघुनाथरावांना ‘राघोभरारी’ म्हणत. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या धडाक्याचं ते नाव. पुढे १७७३ मध्ये पुतण्या नारायणरावाचा खून झाला, राघोबादादांवर बोट रोखलं गेलं, त्यांच्याविरुद्ध बारभाई एकवटले. ‘भरारी’ मात्र नावाला चिकटून राहिली. चांगलं नावही असं एका क्षणी थांबतं आणि माणूस पुढे कुठे गेला हे बघत नाही.

माणसांचं ठीक आहे, पण आपण देवांनाही सोडलेलं नाही, आणि यात पुण्याचा हात कुणी धरू शकणार नाही. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, बटाट्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही टिंगल वाटते. पण त्या देवळांत रोज सकाळी पाणी घालायला येणाऱ्या माणसांना विचारून पाहा. ‘बटाट्या मारुतीला जाऊन येते’ असं म्हणणाऱ्या आजीच्या आवाजात भक्ती तसूभरही कमी नसते. जनाबाई विठोबाला ‘विठ्या’ म्हणते, त्याच घरातली ही मंडळी. जो आपला आहे त्याच्याच नावाला ‘या’ लागतो.

बटाट्या मारुती शनिवारवाड्यासमोरच्या मैदानाशी आहे. आज तिथे उभं राहिलं तर बटाटा काही दिसत नाही. पुण्याची मंडई १८८६ साली उभी राहिली, त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. मारुतीच्या आजूबाजूला बटाटेवाले बसत. बाजार मंडईत हलला, बटाटेवाले त्याच्याबरोबर गेले, मारुती मात्र तिथेच राहिला आणि नावही त्याच्यापाशी राहिलं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. एका उठून गेलेल्या बाजाराची जागा कुठे होती हे दाखवायला नकाशा उघडायची गरज नाही, मारुतीचं नाव घेतलं की पुरे. पासोड्या विठोबाच्या आसपास पासोड्या विकत असत. आज पासोडी म्हणजे काय हे सांगावं लागतं. थंडीत अंगावर घ्यायचं ते जाडंभरडं, दुपदरी पांघरूण. वस्तू वापरातून गेली, शब्द बोलण्यातून गेला, तो देवाच्या नावात तेवढा उरला. आणि सदाशिव पेठेतल्या मुरलीधराने तर कुणाचाही खून केलेला नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याच्या स्थापनेच्या वेळी देवळापाशी हत्यारबंद चकमक झाली, माणसं पडली. देवाने त्या दिवसाचा डाग आपल्या नावावर घेतला असं मला वाटतं, आणि त्यासाठी तो मुरलीधर मला फार जवळचा आहे.

दगडूशेठ हलवाई गणपतीचं तर आणखी वेगळं. इथं देवाला भक्ताचं नाव लागलं. दगडूशेठ गडवे हे मिठाईचे व्यापारी, म्हणून हलवाई. ‘दगडू’ हे नाव आपल्याकडे बहुतेक कशासाठी ठेवत? आधीची मुलं वाचली नाहीत की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा, भिकू असं काहीतरी कमी दर्जाचं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यू त्याच्याकडे वळून बघणार नाही. दगडूशेठांच्या नावामागे तसं काही होतं की नाही याच्याशी मला इथं कर्तव्य नाही. पण एका व्यापाऱ्याचं साधं नाव आणि त्याचा धंदा, दोन्ही मिळून गणपतीला लागावेत आणि लाखो माणसांनी त्या नावाने हात जोडावेत, हे मला फार मोठं वाटतं.

मुंबईत काळा घोडा आहे. तिथे मुळात होता तो राजपुत्राचा पुतळा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला, त्याने १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला, आणि त्याच्या आठवणीसाठी अल्बर्ट ससून यांनी हा ब्राँझचा पुतळा १८७९ मध्ये दिला. पुतळा ज्याचा होता त्याचं नाव मुंबईकरांनी तोंडातसुद्धा घेतलं नाही. त्यांना घोडा दिसला, तो काळा होता, जागेचं नाव काळा घोडा पडलं. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याच्या युवराजाला लोकांनी त्याच्याच पुतळ्याच्या नावातून असं बाजूला काढलं. हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणूनच मला ते जास्त खरं वाटतं. १९६५ मध्ये पुतळा हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. ती बाग व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, म्हणजे लेक आईच्या बागेत गेला. चौकात घोडा नाही, तरी काळा घोडा म्हणणं चालूच राहिलं, इतकं की २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला. या घोड्यावर स्वार नाही. आधी घोड्यावरून नाव पडलं होतं, आता नावासाठी घोडा आणावा लागला. राणीच्या बागेलाही आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, आणि मुलांना घेऊन निघालेली आई अजून ‘राणीच्या बागेत चाललोय’ असंच सांगते.

पण मुंबईतलं माझं सगळ्यात आवडतं टोपणनाव गिरणगाव. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा. कुठल्याही पिनकोडच्या यादीत गिरणगाव नाही, त्या नावाचं रेल्वे स्टेशन नाही, तरी मुंबईत कुणालाही विचारा. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली, पुढे त्यांची रांग लागली. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली. त्यांनी त्या भागाला ‘गिरणशहर’ म्हटलं नाही. त्यांनी गाव म्हटलं. चाळीत गावकीच्या खोल्या होत्या, भजनी मंडळं होती, गावच्या देवाची जत्रा असली की भोंग्याची वेळ चुकवून गाडी पकडायची घाई होती. जो गाव मागे राहिला त्याची जागा भरून काढायला त्यांनी गिरण्यांच्या मधोमध दुसरा गाव वसवला आणि तसं नावात लिहून ठेवलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या संपातून बहुतेक गिरण्या नीट उभ्या राहिल्याच नाहीत. आज त्या जमिनींवर टॉवर आहेत, मॉल आहेत, आणि एखादी चिमणी शोभेला ठेवलेली आहे. टॉवरच्या जाहिरातीत भागाचं नाव इंग्रजी वळणाचं असतं, ‘अप्पर’ किंवा ‘साउथ’ लावलेलं. मला त्या नावांचा राग येतो हे मी लपवत नाही. तिथे कुणाचा घाम पडला हे पुसून टाकायचा तो सोपा मार्ग आहे. जोवर कुणीतरी गिरणगाव म्हणतंय तोवर ते पूर्ण पुसलं जाणार नाही.

पत्रकं, भाषणं आणि शाळेच्या पुस्तकांतून गावांना जी बिरुदं लावतात ती मात्र मला कधी भावली नाहीत. पुणे म्हणजे पूर्वेचं ऑक्सफर्ड, इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर. ‘दक्षिण काशी’ पैठणही आहे, कोल्हापूरही आहे आणि वाईही आहे. अशा नावांत त्या गावाकडे कुणी पाहिलेलंच नसतं, दुसऱ्या गावाचा मोठेपणा आणून चिकटवलेला असतो. इचलकरंजीत रात्री मागांचा खडखडाट ऐकत झोपणाऱ्या माणसाचा मँचेस्टरशी काय संबंध! सोलापूरला ‘हुतात्म्यांचं शहर’ म्हणतात ते वेगळं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना फाशी दिलं. ते नाव सोलापूरने कुणाकडून उसनं आणलेलं नाही.

एका सरकारलाही टोपणनाव पडलं होतं. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजचा सांगलीचा भागही होता, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी प्रतिसरकार चालवलं. गावोगाव न्यायनिवाडे होत, गुंड, खबरे आणि नाडणाऱ्या सावकारांना शिक्षा होत. लोकांनी त्याला पत्री सरकार करून टाकलं. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. गुन्हेगाराचे पाय बांधून तळव्यांवर काठ्यांनी मारत, त्याला पत्री मारणं म्हणत. पण नाव असं बसलं की ऐकणाऱ्याला खरोखरच खिळे ठोकल्याचं चित्र दिसायचं, आणि तेवढ्यानेच पुष्कळ गुंडगिरी जागच्या जागी थांबत असे. आमच्याकडची म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणत. नुसत्या नावाचा असा धाक मी दुसऱ्या कुठल्या सरकारचा ऐकलेला नाही.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर असं नाव उच्चारलं तर किती जण ओळखतील? १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस घरदार सोडून निघाला तेव्हा त्याच्या अंगावर चिंध्या होत्या, हातात खराटा होता आणि जवळ मातीचं गाडगं होतं. जेवायला तेच, पाणी प्यायला तेच, कधी डोक्यावरही तेच. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून भानावर आणायचं. अंगावरच्या चिंध्यांवरून त्यांना गोधडेबुवाही म्हणत, पण टिकलं ते गाडगेबाबा. ज्या गावाने हे नाव पाडलं असेल त्याने खराट्याऐवजी गाडग्याकडे का पाहिलं असेल याचा मी खूप विचार केला आहे. खराटा कामाचा होता, तो झाडून झाला की बाजूला ठेवायचा. गाडगं भुकेचं होतं. आपल्या दारात उभा राहून भाकरीचा तुकडा मागणारा हा माणूस त्याआधी आपलं गाव झाडून आलाय, हे त्या बाईने पाहिलं असणार आणि तुकडा गाडग्यात टाकला असणार. बाबांनी ते नाव घेतलं आणि जन्मभर मिरवलं. आज अमरावतीचं विद्यापीठ त्याच नावाचं आहे. मातीच्या भांड्यांत सगळ्यात स्वस्त भांडं, आणि त्या नावाच्या पदव्या विद्यार्थी भिंतीवर लावतात.

आता वहीतली ती पानं, जी उघडताना मला त्रास होतो.

लंगड्या, काण्या, ढब्या, काळी. गावात ही नावं सर्रास चालतात आणि ‘तो काही मनाला लावून घेत नाही हो’ असं सांगितलं जातं. मनाला लावून घेतलं तर जाणार कुठे? टोपणनाव नाकारायची सोय नसते हीच त्याची सगळ्यात क्रूर बाजू. जितकं चिडाल तितकं ते घट्ट बसतं. शाळेत असताना पोरं ठरवून चिडवत कारण चिडणं हीच त्या नावाची पावती. वर्गातला एक मुलगा पोलिओमुळे पाय ओढत चालायचा. त्याचं हजेरीतलं नाव सुंदर होतं. गुरुजीसुद्धा ते फक्त हजेरी घेताना वापरत.

सातारा जिल्ह्यात मुलींना ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ नाव ठेवत. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की हे नाव, म्हणजे पुढचा मुलगा होईल अशी समजूत. दगडू-धोंडूही वरवर असेच वाटतात. पण दगडू नाव ठेवणाऱ्यांना ते मूल जगायला हवं होतं, म्हणून त्यांनी ते लपवलं. नकोशीच्या बाबतीत लपवण्यासारखं काही नव्हतं. शाळेत, रेशनकार्डावर, लग्नाच्या याद्यांत ती जिथे जाईल तिथे तिला आधी सांगावं लागे की मी नको होते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. मुलींनी आपापल्या पसंतीची नावं घेतली, कुणी देवीचं, कुणी सिनेमातल्या नटीचं. माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहिता येण्याजोग्या नोंदी फारच थोड्या आहेत. या २८५ मी एका ओळीत लिहिल्या, पण खरं तर प्रत्येकीला एक ओळ द्यायला हवी होती.

बायकांच्या नावांचं एकूणच आपल्याकडे असं आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं की जुनं मिटलं. माझ्या आत्याचं सासरी नाव बदललं, मुलांमुळे ती ‘आई’ झाली, शेजारी ‘वहिनी’, नातवंडं आल्यावर ‘आजी’. जन्मलेल्या घरात मात्र ती शेवटपर्यंत ‘बेबी’. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ‘बेबी’ म्हणणं बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण तिला विचारलं तर म्हणायची, “माझं म्हणून उरलेलं तेवढंच हाय रे.” माहेरून फोन आला आणि पलीकडून ‘बेबे’ ऐकू आलं की ती खुर्चीत सरळ बसायची. टोपणनाव म्हटलं की पोरकटपणा आठवणाऱ्यांना मी तिचं उदाहरण देतो.

जागांच्या बाबतीत हीच गोष्ट वस्त्यांची. गावाच्या कडेला जे लोक ढकलले गेले त्यांच्या वस्तीला नाव दिलं ते गावाने, त्यांच्या जातीवरून. त्या वस्तीतल्या कुणी ते मागितलेलं नव्हतं. पत्र यायचं ते त्याच पत्त्यावर, शाळेच्या दाखल्यावर तेच, नोकरीच्या अर्जावर तेच. पत्ता वाचला की पुढचा माणूस वर मान करून चेहरा बघणार. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची असं ठरलं. काही जण म्हणाले, नाव बदलून काय होतं? हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणालाच स्वतःचा पत्ता सांगताना कधी आवाज खाली आणावा लागलेला नव्हता, एवढं मी पाहिलं आहे.

पाटी बदलते, कागद बदलतो, पण टोपणनाव राहतं ते तोंडात, आणि तोंड बदलायला वेळ लागतो. काळ्या घोड्याच्या, बटाट्या मारुतीच्या बाबतीत ज्या चिवटपणाचं मला कौतुक वाटतं, तोच चिवटपणा इथे आडवा येतो. आमच्या तालुक्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात गेल्या उन्हाळ्यात बसलो होतो. फाट्यावर रिक्षावाल्याने सवयीने जुन्या नावाने हाक दिली, “चला, अमुकवाड्याचं कोण हाय?” कॉलेजची बॅग पाठीला लावलेली एक मुलगी उतरली, सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, “भीमनगर. बोर्ड वाचा की, काका.” रिक्षावाल्याने बोर्डाकडे पाहिलं, “बरं बाई,” म्हणाला आणि गिअर टाकला. परतीच्या फेरीला मी त्याच्याच रिक्षात होतो. फाटा जवळ आल्यावर त्याने आधी जुनं नाव घेतलं, मग लगेच, “म्हंजे भीमनगर, भीमनगरवाले चला.” वहीत मी ती नोंद त्याच संध्याकाळी केली. तिसऱ्या रकान्यात त्या मुलीला लिहिलंय.